मोठें चाक आणि गाडीची ओढ

पुढें माणसांची बैठक व मागें मालासाठीं उघडा हौदा, अशा घडणीच्या मोटरगाडीस अमेरिकेंत पिकअप म्हणतात. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या 'मॉडेल टी' गाडीस असा हौदा कारखान्यांतच जोडून दिला. आज तेथील अनेक मालक मूळचे टायर काढून त्यांहून मोठे बसवितात. गाडी उंच होते, खडकाळ वाटेवर खालचे भाग आपटत नाहींत, आणि ती दिसतेहि रुबाबदार. या रुबाबाची किंमत कोठें मोजावी लागते, हें श्रोत्यांनीं पाहण्यासारखें आहे.

३१ इंच व्यासाच्या टायरच्या जागीं ३५ इंचांचा बसविला, असें समजावें. व्यास चार इंचांनीं वाढला, तरी चाकाचा आंस दोनच इंच वर चढतो. परीघ मात्र सुमारें ९७ इंचांवरून ११० इंचांवर जातो, व एका फेऱ्यांत गाडी १३ इंच अधिक अंतर कापते. हा निव्वळ लाभ वाटतो. पण विहिरीवरील रहाट आठवावा. रहाटाचें लाकूड जाड असलें, तर एका फेऱ्यांत दोर अधिक गुंडाळला जातो खरा, परंतु तीच घागर ओढतांना हातांस जोर अधिक लागतो. येथेंहि तसेंच घडतें. इंजिनाची शक्ति कमी झालेली नसते, पण रस्त्यावर पोंचणारी ओढ सुमारें ११ टक्क्यांनीं घटते. चढावर किंवा मागें ओझें जोडलें असतां ही तूट प्रथम जाणवते.

आतां इंधनाचा हिशेब. वेगाची व अंतराची नोंद चाकाच्या फेऱ्यांवरून होते. टायर बदलल्याचें यंत्रास कळत नाहीं. म्हणून १०० मैलांची नोंद होते, तेव्हां गाडी ११३ मैल चाललेली असते. या प्रवासास ६ गॅलन पेट्रोल लागलें, तर नोंदीप्रमाणें गॅलनास १६.७ मैल पडतात; वस्तुतः ते १८.८ असतात. दिसतो तेवढा तोटा नसतो. तथापि तो मुळींच नसतो असेंहि नव्हे. जड चाकांस वेग आणणें, खोल नक्षीच्या टायरचा रस्त्याशीं होणारा विरोध आणि उंचावलेल्या गाडीस अडविणारा वारा, या तिहींपायीं इंधन अधिक जळतें.

यावर उपाय आहे. आंसावरील दंतचक्रांचें प्रमाण ३.७३ असेल, तर मोठ्या टायरमुळें तें ३.३० असल्यासारखें होतें. त्याऐवजीं ४.१० प्रमाणाचीं चक्रें बसविलीं, म्हणजे गेलेली ओढ बहुतेक परत येते. परंतु ब्रेकांस या बदलाचा कांहीं उपयोग नाहीं. मोठें व जड चाक थांबविण्यास त्यांना अधिक जोर करावा लागतो; आणि वेगमापक दुरुस्त केला नसेल, तर कांटा ताशीं ६० मैल दाखवीत असतां गाडी जवळजवळ ६८ मैलांनीं धांवत असते. दोन इंच उंचीची ज्यास खरोखर गरज आहे, त्यानें मोठे टायर अवश्य घ्यावे; मात्र दंतचक्रें, वेगमापक व ब्रेक या तिहींचा खर्च टायरच्या किंमतींतच धरून मग निर्णय करावा.