मनातला 'च'



मागच्या महिन्यात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन देताना माझा एक आकडा चुकला. तो लगेच दुरुस्त झाला, कोणी काही बोललंही नाही. पण संध्याकाळी डिशवॉशर लावताना मी पुटपुटत होतो, "मूर्खच आहेस तू. एवढी वर्षं काय केलंस?"

दोन दिवसांनी मराठी शाळेच्या नाटकाची तालीम करताना माझी नऊ वर्षांची मुलगी एक वाक्य विसरली आणि म्हणाली, "मी मूर्खच आहे." दिवसभर इंग्रजी बोलणारी पोर स्वतःला रागवायला मात्र मराठी वापरत होती. कुठून शिकली, हे विचारायची गरज नव्हती.

तुमच्याही मनात असा आवाज असेल. बहुतेक वेळा तो काळजीपोटी बोलतो. पुन्हा चूक होऊ नये, चारचौघांत हसं होऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून त्याला दामटून गप्प करू नका. त्याचं म्हणणं तपासा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली कि. मो. फडके यांनी. तिचं सार असं, की घटनेपेक्षा 'असंच झालं पाहिजे' हा आपला हट्ट जास्त छळतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो: 'च'.

आवाज सुरू झाला की त्याचं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहा. 'च'भोवती गोल काढा. विचारा, याला पुरावा काय? मग तेच वाक्य माणसाबद्दल न लिहिता कृतीबद्दल लिहा. "मी मूर्खच आहे" ऐवजी "आकडा चुकला, पुढच्या वेळी सहकाऱ्याकडून तपासून घेईन." यात चूक मान्य आहे, फक्त स्वतःला शिव्या नाहीत. समर्थ रामदासांनीही २०५ श्लोकांत मनाचे कान उपटले, पण त्याला हाक मारली ती 'सज्जन' म्हणूनच.

सवय एका दिवसात जात नाही. आणि हा आवाज झोप, भूक हिरावू लागला किंवा 'जगून काय उपयोग' म्हणू लागला, तर कागदावर थांबू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

परवा माझ्या हातून दूध उतू गेलं. मी म्हणालो, "मी वेंधळाच!" हॉलमधून आवाज आला, "बाबा, 'च' काढ!"