फळ्याशेजारचा पडदा
(हीरक महोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



आपल्याकडे रुजू होणारे तरुण शिक्षक संगणक, मोबाईल, प्रोजेक्टर सहज हाताळतात. बी.एड.मध्येही आता माहिती-तंत्रज्ञान शिकवले जाते. मग त्यांना आणखी कसले प्रशिक्षण, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. रायपूरकडील खेडीही त्यांत होती. याच प्रयोगात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण मिळाले. त्यांना नुसते संचापुढे बसवले नव्हते. जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि स्वतः करून पाहायचे प्रयोग होते.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड सर्वांना ठाऊक झाले. मात्र त्यांनी मुलांची मातृभाषा ओळखून पुस्तके त्या भाषेत नेली, हे फारसे कोणी सांगत नाही. मला तेच मोठे वाटते.

कारण मरोद्यात आपला पेच तोच आहे. वर्गाबाहेर हिंदी, छत्तीसगढी. घरातली मराठीही विरळ होत चाललेली. पडद्यावर प्रकाशसंश्लेषणाची हिंदी चित्रफीत पटकन मिळते, मुले रमतात, आणि मराठी माध्यम फक्त प्रश्नपत्रिकेत उरते. (चित्रफिती सुरेख असतात, हीच तर अडचण!) म्हणून नव्या शिक्षकाने पहिल्या सत्रात तीन-चार मिनिटांचे पाठ स्वतःच्या आवाजात, मराठीत तयार करावेत, असे आम्ही ठरवले आहे. उदाहरणे मरोदा जलाशयाची, पोलाद कारखान्याच्या भट्टीची. ज्येष्ठ शिक्षिका मागच्या बाकावर बसतील. चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि वीज गेली तरी तास पुढे चालला पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांनी आणखी पडदे भेट देऊ नयेत; दोन आहेत, ते पुरेत. संगणकक्षेत्रातल्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा, ध्वनिमुद्रण व संपादन शिकवावे. पालकांकडे एवढेच मागणे: घरी आजी असेल, तर तिच्या तोंडची एक गोष्ट मोबाईलवर मुद्रित करून पाठवा. तिसरीच्या वर्गाला जूनपासून त्या लागतील.