मेनोनाइट पंथ : श्रद्धा, शस्त्रत्याग आणि आडनावे
(व्याख्यानाचा मजकूर)



नेदरलंड्समधील आस्पेरेन या गावी सोळाव्या शतकात डर्क विलेम्स नावाचा एक कैदी कोठडीतून निसटला. गोठलेल्या पाण्यावरून तो पलीकडे पोहोचला. परंतु पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो बुडू लागला. डर्क मागे फिरला व त्याने त्या माणसाला वर काढले. परिणामी तो पुन्हा पकडला गेला आणि १६ मे १५६९ रोजी त्यास जिवंत जाळण्यात आले. प्रौढ वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या घरी इतरांचे बाप्तिस्मे होऊ दिले, हा त्याचा अपराध होता. मेनोनाइट घराघरांत ही कथा आजही मुलांना सांगितली जाते.

बाप्तिस्म्यासाठी मृत्युदंड का, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळच्या युरोपात जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाचा बाप्तिस्मा होई. त्यानेच ते मूल चर्चचे आणि राज्याचेही होऊन जाई. २१ जानेवारी १५२५ रोजी झ्युरिच येथे कॉनरॅड ग्रेबेल, फेलिक्स मान्झ, जॉर्ज ब्लाउरॉक आदींनी ही साखळी तोडली. श्रद्धा ही समजून-उमजून स्वीकारण्याची गोष्ट आहे. तान्ह्या मुलाला ती देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. यांनाच विरोधकांनी ‘ॲनाबॅप्टिस्ट’, म्हणजे पुनर्बाप्तिस्मा देणारे, असे नाव ठेवले. १५२७ च्या जानेवारीत मान्झला लिमात नदीत बुडवून मारण्यात आले. त्याच वर्षी श्लाइटहाइम येथे पंथाची सात कलमे निश्चित झाली. तलवार हाती न घेणे आणि शपथ न वाहणे ही त्यांतली दोन.

मात्र सारेच अनुयायी शस्त्रत्यागी नव्हते. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहरात काहींनी तलवारीच्या बळावर ‘देवाचे राज्य’ मांडले आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर १५३६ मध्ये कॅथलिक पुरोहितपद सोडलेल्या मेनो सिमोन्स यांनी विखुरलेल्या अनुयायांना शांतिमार्गावर सांभाळले; ‘मेनोनाइट’ हे नाव त्यांच्यावरून पडले.

येथे एक स्पष्टीकरण अवश्य आहे. ही अहिंसा जैन अहिंसा नव्हे. मेनोनाइट शेतकरी मांसाहारी आहेत. त्यांचे व्रत मनुष्यावर शस्त्र न उचलण्यापुरते आहे. पण एवढे व्रतही राज्यसत्तेला सोसवत नाही, हा त्यांचा इतिहास आहे. १७८९ पासून रशियाच्या दक्षिणेस सैन्यसेवेतून सूट मिळवून त्यांनी वसाहती वसविल्या. १८७४ च्या सुमारास ती सूट धोक्यात येताच सुमारे अठरा हजार लोक बसलेले संसार मोडून कॅन्सस, मॅनिटोबा आदी प्रांतांत निघून गेले. मागे राहिलेल्यांपैकी काही तरुणांनी क्रांतीनंतरच्या लुटालुटीत, १९१८-१९ मध्ये, कुटुंबरक्षणासाठी बंदुका घेतल्या. ते योग्य की अयोग्य, हा वाद त्यांच्या वंशजांत अजून मिटलेला नाही. दोष देणे सोपे आहे. ज्याच्या दाराशी लुटारू आले नाहीत, त्याने ते जपूनच करावे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने युद्धविरोधकांना पर्यायी सेवेची मुभा दिली. सुमारे बारा हजार जणांनी वनखाते, शेती, मनोरुग्णालये अशा ठिकाणी ती केली व त्यांत मेनोनाइट सर्वाधिक होते. परंतु पाचारण झालेल्या मेनोनाइट तरुणांपैकी निम्म्याहून अधिकांनी गणवेश चढविला, हेही तितकेच खरे.

आणि आता खरा पेच. ‘श्रद्धा जन्माने येत नाही’ असे म्हणत जो पंथ जळाला, बुडाला, तोच पुढे आडनावांवरून ओळखला जाऊ लागला. योडर, फ्रीझन, पेनर, राइमर ही नावे ऐकली की उत्तर अमेरिकेत कोणीही म्हणे, हा मेनोनाइट. दोन अनोळखी मेनोनाइट भेटले की आजोळ-पणजोळ काढून नाते शोधणे हा तेथे एक खेळच होऊन बसला. आपल्याकडे याचे नवल वाटण्याचे कारण नाही! छळ, स्थलांतर आणि आपसांतील विवाह यांतून पंथाची हळूहळू ज्ञातीच झाली. मुलगा चर्चमध्ये जात नाही, सैन्यात गेला, तरी तो ‘आपलाच’. आणि नव्याने श्रद्धा स्वीकारलेला मात्र वर्षानुवर्षे पाहुणा.

ही चौकट मोडली ती बाहेरून. १८९९ मध्ये दुष्काळग्रस्त मध्य प्रांतात, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या प्रांतात, धमतरी येथे अमेरिकन मेनोनाइट मिशन सुरू झाले. तेलुगू मुलखात महबूबनगर भागात मेनोनाइट ब्रदरन मंडळ्या वाढल्या. जानेवारी १९९७ मध्ये पंथाची जागतिक परिषद कोलकाता येथे भरली. आज बाप्तिस्मा घेतलेल्या सुमारे एकवीस लाख अनुयायांपैकी बहुसंख्य आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेत आहेत. सर्वांत मोठे राष्ट्रीय चर्च इथिओपियात आहे. तेथील श्रद्धावंतास योडर वा पेनर कुळाशी काही कर्तव्य नाही. त्याने निवड केली आहे, म्हणजे १५२५ साली जे घडले तेच केले आहे. युरोपीय वंशाचे मेनोनाइट आता त्याच्याकडून शिकत आहेत, निदान शिकावे लागेल असे उघडपणे म्हणू लागले आहेत.

ज्यांनी छळले तेही पुढे आले. २०१० मध्ये स्टुटगार्ट येथे लुथरन जागतिक महासंघाने मेनोनाइटांची क्षमा मागितली. त्यापूर्वी, २००४ मध्ये, झ्युरिचच्या रिफॉर्म्ड चर्चने अपराध कबूल केला आणि लिमातच्या काठी एक शिळा बसविण्यात आली. २९ मे २०२५ रोजी पाचशे वर्षांच्या स्मरणार्थ जगभरचे अनुयायी त्याच शहरात जमले. त्या शिळेवर बुडविलेल्या फेलिक्स मान्झचे नाव आहे, आणि १६१४ साली झ्युरिचमध्ये मारल्या गेलेल्या अखेरच्या ॲनाबॅप्टिस्टाचे, हान्स लांडिसचेही.