गर्दुल्ल्यालाही नाव असतं

मुंबईत १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर गल्लोगल्ली पोहोचली. लोक तिला ‘गर्द’ म्हणू लागले आणि ती ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. मी कविता लिहितो. शब्दांशी माझा रोजचा संबंध. पण या एका शब्दामागे माणसाचं नाव, घर, आईबाप सारं झाकलं जातं, हे मला उशिरा उमगलं.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा आधी गर्द ओढायचा, पुढे सुई घेऊ लागला. मला ‘चाचा’ म्हणून हाक मारायचा. मी रस्ता बदलायचो. एके दिवशी एक कार्यकर्ता त्याला शोधत आला. तो स्वतःही कधीकाळी नशेत बुडालेला. त्यानं उपदेश केला नाही. वापरलेली सुई घेतली, नवी दिली आणि म्हणाला, “पाण्यानं धुतली तरी सुई सुरक्षित होत नाही. दुसऱ्याची सुई, सिरिंज वापरू नकोस. कापूस, पाणीही वाटून घेऊ नकोस. आणि निरोध विसरू नकोस.”

मी विचारलं, “भाई, हे नशेला खतपाणी नाही का?”

तो म्हणाला, “चाचा, नशा सुटायला वेळ लागतो. तोवर हा जगायला तर हवा!”

या कामाला ‘केस मॅनेजमेंट’ म्हणतात. मी त्याला ‘सोबत’ म्हणेन. एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन, सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, हरवलेलं रेशनकार्ड, घरच्यांची समजूत या साऱ्यांत एकच माणूस पाठीशी उभा राहतो. एका रुग्णालयानं मुलाला दारातूनच परतवलं, तेव्हा हाच कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा घेऊन गेला. एकटा असता तर मुलगा परत गेलाच नसता.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. संसर्ग टाळण्याच्या कार्यक्रमात स्वच्छ सुया पुरवणं हा गुन्हा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं २००४पासून मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. कायदा आहे, औषध आहे. कमी पडते ती आपली ओळख.

त्या मुलाच्या रक्तात विषाणू निघाला. आज तो रोज औषध घेतो. नशा मधूनच डोकं वर काढते, पण तो पुन्हा केंद्रावर जातो. परवा दिसला, तेव्हा मी रस्ता बदलला नाही. नावानं हाक मारली. तो थबकला. बऱ्याच दिवसांत त्याचं नाव कुणी घेतलं नसावं.