घर आधी की गाव आधी?



घर बांधणे हे ज्याचे त्याचे खाजगी काम आहे, अशी आपली समजूत असते. पण घर उभे राहिले की त्याला पाणी लागते, रस्ता लागतो, सांडपाण्याला वाट लागते, मुलांना शाळा लागते. यांतील एकही गोष्ट घरमालकाला आपल्या अंगणात एकट्याने निर्माण करता येत नाही. म्हणून घर खाजगी असले तरी घरांची वाढ हा साऱ्या गावाचा प्रश्न आहे.

आपल्यापुढे तो आज उभा आहे, कारण रेल्वे येत आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. शकुंतलेच्या अरुंद रुळांवरून कापूस गेला. या रुंद रुळांवरून रोजची माणसे जातील. आगगाडीने रोज कामाला जाणाऱ्यांचे शहर कसे घडते, हे पाहावयाचे तर डोंबिवलीकडे पाहावे.

मुंबईपासून पन्नास किलोमीटरांच्या आतले हे गाव. मुंबईत जागा परवडेना, तेव्हा मध्यमवर्ग तिकडे सरकला. 1983 साली कल्याण-डोंबिवली महापालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास भरली. घरे मिळाली, ही थोडी गोष्ट नव्हे. वाचनालये, नाटके, व्याख्यानमाला यांनी त्या गावाने नावही मिळविले. पण गाव घरांच्या मागून धावत राहिले. लगतची 27 गावे 2002 साली महापालिकेतून वगळली, 2015 साली पुन्हा आत घेतली, आणि 2020 साली त्यांतील 18 वगळण्याचे शासनाने ठरविले. गावाची हद्द अशी आतबाहेर होत असताना इमारती मात्र कोणासाठी थांबल्या नाहीत.

असे का व्हावे? तेथील नागरिक उदासीन आहेत म्हणून नव्हे. जो माणूस पहाटे लोकल पकडतो आणि रात्री थकून परततो, त्याला नगररचनेच्या कार्यालयात जाऊन नकाशा पाहावयास वेळ केव्हा मिळणार? गावाचा दिवस तो पाहतच नाही. म्हणून अशा शहराचे नियोजन, जे राहावयास येणार आहेत त्यांच्यावर सोपवून चालत नाही. ते येण्यापूर्वी करावे लागते, आणि जे आज तेथे राहतात त्यांनी करावे लागते.

न केल्यास किंमत कोण देतो? 4 एप्रिल 2013 रोजी डोंबिवलीपासून जवळच, शिळफाट्याला, एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि 74 माणसे गेली. जुलै 2015 मध्ये ठाकुर्लीला एक जुनी इमारत पडली, तीतही बळी गेले. पहिली नव्या वाढीची कथा आहे, दुसरी जुन्या वस्तीची. जुन्या घरात धोका ठाऊक असूनही माणसे का राहतात? भाडेनियंत्रणाने भाडी गोठली. त्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही. भाडेकरू घर सोडीत नाही, कारण एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही भीती. त्याला नुसती नोटीस देऊन काय उपयोग? नव्या घरावरील हक्क त्याच्या हातात लेखी द्या, तोवर राहावयास जागा द्या. मग तो स्वतः सामान बांधील.

आता आपल्या यवतमाळकडे वळू. 2011 साली शहराची वस्ती 1,16,551 होती. पुढे हद्दवाढ होऊन लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही गावे शहरात आली. तेथे शेत विकले जाते, चुन्याच्या रेघा पडतात, लेआउट तयार होते. कागदावरचा रस्ता शेजारच्या लेआउटच्या रस्त्याला जाऊन मिळतो की नाही, हे कोणी पाहत नाही. आणि पाणी? 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन धरणांनी तळ गाठला, तेव्हा हे शहर टँकरमागे कसे धावले, हे आपल्याला सांगावयास नको. म्हणून पहिली अट ही की, नव्या वस्तीला परवानगी देण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडला जावा. बेंबळ्याचे पाणी आले म्हणून हिशेब संपत नाही.

दुसरी गोष्ट स्टेशनच्या परिसराची. 1966 च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेची सोय आहे. तीत शेजारशेजारची शेते एकत्र धरतात, रस्ते, मैदान, शाळा यांची जागा आधी काढतात आणि उरलेली जमीन आखीव प्लॉट पाडून त्याच मालकांना परत देतात. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण तिची किंमत वाढते. एकाचे सारे शेत मैदानासाठी गेले आणि शेजारी लखपती झाला, असा अन्याय होत नाही. नुसते आरक्षण टाकून बसावे, तर दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाला नोटीस देऊन ती सोडवून घेता येते, आणि मैदान नकाशातच राहते. मात्र ही योजना शेत अखंड आहे तोवरच सोपी असते. एकदा त्याचे शंभर तुकडे शंभर जणांना विकले गेले की, शंभर संसारांशी वाटाघाट करावी लागते.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की सूचना आणि हरकतींसाठी कायदा ठरावीक मुदत देतो. आपल्यापैकी बहुतेकांना ती संपल्यावर कळते. माझी विनंती एवढीच, की त्या मुदतीत प्रत्येक मोहल्ल्यातून चार माणसांनी जाऊन तो नकाशा पाहावा. आपले घर त्यात कोठे आहे हे तर आपण पाहूच; घराशेजारून पाणी, वाट आणि मुलांचे मैदान कोठून जाते, हेही पाहावे. ते नसेल तर लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. गाडी येण्यापूर्वी आपल्या हाती असलेला वेळ हा एवढाच आहे.