आधी जोडण्या बघ



मिशिगनमध्ये माझ्याकडे बोटीची १९५८ची जॉन्सन मोटर आहे. इग्निशनच्या दोन्ही कॉइल तडकल्या होत्या. नव्या बसवल्या, तरी ठिणगी पडेना. दुकानदाराला फोन करून मी नको ते बोललो.

मग शाळेची प्रयोगशाळा आठवली. दिवा लागेना म्हणून मी बल्बला दोष दिला होता. सर म्हणाले, "आधी जोडण्या बघ."

फ्लायव्हील पुन्हा काढलं. खालच्या पॉइंट्सवर तेलकट, काळपट थर होता. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कागदाने तो पुसला, फट ०.०२० इंच ठेवली. दोरी ओढताच दोन्ही प्लगवर निळी ठिणगी!

दुकानदाराची माफी लगेच मागितली. सर, तुमची आज मागतो. मी रागाने फेकलेला तो बल्ब चांगलाच होता.