जॅक बसवण्याआधी काटा गाठा

ताथवड्यात माझं गाड्यांच्या बॉडीचं छोटं वर्कशॉप आहे. राज्याचं कॅरॅव्हॅन धोरण 2021 मध्ये आलं. तेव्हापासून फिरत्या घरांचे मालक विचारतात, 'उतारावर गाडी कलते, झोप येत नाही. हायड्रॉलिक जॅक बसवाल?' मी म्हणतो, आधी पाणी, गॅस, माणसांसकट गाडी वजनकाट्यावर न्या. आरसीवरच्या कमाल वजनातून तो आकडा वजा करा. समजा, साठ किलो उरले आणि जॅक ऐंशीचे. म्हणजे वीस लिटर पाणी ओतून द्यायचं! मुक्कामी गाडी पेलणाऱ्या जॅकचा भार प्रवासात चाकांवरच असतो. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेकला तो जाणवतो. वजनाला वाव नसेल, तर खालच्या बाजूच्या चाकांखाली रुंद लाकडी फळ्या घाला. झोप तेवढीच छान लागते.